ग्राफीन बॅटरी घ्यायचीय? आधी उचलून बघा

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना गडबड आहे त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालतंय. बॅटरी बरी आहे, पैसे वसूल होतात, पण बॉक्सवर जे छापलंय त्यावर विश्वास ठेवून विकत घेऊ नका. दुकान मात्र लई चांगलं. बॅटरीला ५ पैकी साडेतीन, दुकानाला साडेचार, आणि ते स्टिकर ज्यानं डिझाईन केलंय त्याला भोपळा.

आता सविस्तर. आमच्या आप्पांकडं ती कमी स्पीडची इलेक्ट्रिक स्कूटर आहे, २५० वॅटची मोटर आणि ताशी २५ च्या आतच चालती त्यामुळं लायसन नको, पासिंग नको, नंबर प्लेट नको. कोल्हापुरात मंगळवार पेठेतनं रंकाळा, तिथनं दूध, मग कट्ट्यावर दोस्तमंडळी, मधीच कधीतरी टेंबलाईच्या बाजूला आत्याकडं, एवढाच त्यांचा प्रवास. जुन्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि आप्पा निम्म्या वाटेतनं फोन करायला लागले तेव्हा नवीन सेट बघायला बाहेर पडलो. ६० व्होल्टची गाडी आहे म्हंजे १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या. सध्या बाजारात याच मापात '६० व्होल्ट ३२ एएच ग्राफीन' म्हणून जो सेट मिळतोय तोच हा, एएच म्हंजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असे बरेच ब्रँड आहेत, बॉक्सचा रंग सोडला तर फरक शोधायला भिंग लागेल.

दुकानं फिरताना जे ऐकायला मिळालं ते पण सांगण्यासारखं आहे. एका ठिकाणी काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर ही टू-डी नॅनो ग्राफीन सेमीकंडक्टर टेक्नॉलॉजी हाय, लिथियम हिच्यापुढं काय पण नाही, चार्जिंगला लावा, चहा घेऊन या, फुल्ल." आता मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि एमएस्सी आपल्याच शिवाजी विद्यापीठातनं केलीय, त्यामुळं एका वाक्यात एवढ्या थापा ऐकून हसावं का उठून जावं कळेना. पोराला काय बोलणार, बॉक्सवर षटकोनी जाळीचं चकचकीत चित्र आहे, खाली निळी वीज चमकतीय, तो बिचारा तेच वाचून दाखवत होता.

मग एका दोस्तानं शाहूपुरीकडचं हे दुकान सुचवलं. बाहेरनं बघाल तर जुनं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान, बोर्ड अर्धा धुवून गेलेला, आत मालक आणि दोन पोरं. मी विचारलं की मामा, ग्राफीनवाली बॅटरी खरंच वेगळी असते का. मामांनी काही भाषण केलं नाही. एक बॅटरी उचलली आणि भंगाराच्या बॅटऱ्या तोलायचा जो काटा असतो त्याच्यावर ठेवली. दहा किलोला थोडी कमी. "लिथियम असती तर एका हातानं नाचवली असती सर. ही ॲसिडचीच हाय. आत मसाला जरा वायला घातलाय. साध्यापेक्षा टिकती, एवढंच मी सांगणार. बाकी बॉक्सवरचं बॉक्सला ठेवा."

तिथंच ठरवलं की घ्यायची तर इथनंच.

कारण त्या काट्यावर सगळं आलं बघा. १२ व्होल्ट गुणिले ३२ म्हंजे ३८४ वॅट-अवर, भागिले पावणेदहा-दहा किलो, म्हंजे किलोला ३८-४० वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरीचा आकडा किलोला ३० ते ४० असाच असतो, वर्षानुवर्षं. लिथियम फॉस्फेटच्या, म्हंजे लिथियम बॅटरीच्याच एका प्रकारच्या, सेलचा ९० ते १६० च्या आसपास. म्हंजे ही नवीन युगाची बॅटरी वगैरे काही नाही, ही आजोबांच्या काळातली शिश्याची बॅटरी आहे, फक्त चांगली बनवलेली. पाचांचं मिळून वजन पन्नास किलोच्या घरात जातंय आणि गंमत म्हंजे या बिनपासिंगच्या गाड्यांचं बॅटरी सोडून वजन नियमानं ६० किलोच्या आत लागतं, म्हंजे गाडीएवढीच बॅटरी आप्पा पायाखाली घेऊन फिरायलेत.

मग ग्राफीन आत असतं तरी काय करायला? तर ते पण सांगतो कारण यात सगळंच खोटं नाही. ग्राफीन म्हंजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, शिसपेन्सिलीतल्या ग्राफाईटचा एक पापुद्रा, अशा पापुद्र्यालाच टू-डी म्हणतात. एक मिलिमीटर जाडी भरायला असे तीस लाख थर एकावर एक रचायला लागतील. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाईम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साधी चिकटपट्टी लावून लावून ग्राफाईट सोलत एका थरापर्यंत आणलं आणि २०१० ला त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण पसरलं तर हिशोबानं २६३० चौरस मीटर क्षेत्रफळ होतं, अर्ध्या एकराहून जास्त, आणि करंट त्यातनं सुसाट जातो.

आता लेड-ॲसिड बॅटरी मरते कशी ते बघा. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं, चार्ज केलं की परत विरघळून जातं. पण गाडी अर्धवट उतरलेली तशीच चार दिवस ठेवली की त्या सल्फेटचे खडे मोठे आणि कडक होतात, मग चार्जर लावून पण हलत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग मेला. आपल्याकडं बऱ्याच बॅटऱ्या अशाच जातात, कंपनीला शिव्या घालतो आपण. निगेटिव्ह प्लेटच्या पेस्टमध्ये थोडा कार्बन मिसळला तर करंटला आतपर्यंत वाटा मिळतात आणि खडे मोठे व्हायला जागा राहत नाही, चार्ज पण जरा पटकन घेते. ही युक्ती जुनी आहे, काजळीसारखा कार्बन तर लई वर्षांपासून घालतात, आता त्यात ग्राफीनची भर. त्याचं प्रमाण पेस्टमध्ये फार तर एखाद्या टक्क्याच्या आसपास. या बॉक्सवर तर किती घातलंय ते कुठंच लिहिलेलं नाही, बारीक अक्षरात पण नाही, मी बघितलं. अर्धा स्टार तिथंच कापला.

आणि एक, ग्राफीन हे सेमीकंडक्टर, म्हंजे चिपमध्ये आणि सोलर सेलमध्ये लागतं तसलं मटेरियल, नाहीच. सेमीकंडक्टरला बँड गॅप लागते, म्हंजे इलेक्ट्रॉनला उडी मारायला मधी एक ठराविक अंतर. ग्राफीनमध्ये ते अंतर शून्य. त्यामुळंच ते वायरसारखं काम चांगलं करतं आणि सोलर सेलसारखं काम एकटं करू शकत नाही. बारावीच्या पेपरात त्या पोराचं वाक्य लिहिलं असतं तर मी एक मार्क पण दिला नसता.

फिटिंगबद्दल. इथं मामांना पैकीच्या पैकी. पाचही बॅटऱ्यांच्या तारखेचे कोड एकाच लॉटचे आहेत का ते आधी दाखवलं, मग प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं मोजलं, लोड टेस्टर लावून बघितलं, एक जराशी मागं होती ती बाजूला काढून दुसरी आणली. हे लई महत्त्वाचं आहे कारण पाच एका माळेत असतात, त्यातली एक कमजोर असली की ती सगळ्यात आधी उतरते आणि बाकीच्या चौघी तिला पार खाली दाबतात, मग वर्षाच्या आत अख्खा सेट आजारी. दुसरीकडं कुणी टेस्टर काढला पण नव्हता. जुना चार्जर पण तपासला, शेवटी ७३-७४ व्होल्टला थांबतोय का बघितलं, आणि सांगितलं की लिथियमचा चार्जर फुकट मिळाला तरी हिला लावू नका. वायरींचे लग घासून, ग्रीस लावून, रबर बसवून दिलं. आप्पांना खुर्ची, चहा. आप्पांनी मामांचं गाव, पाहुणे, तालीम सगळं काढलं, शेवटी लांबचं नातं निघालंच, ते कोल्हापुरात निघतंयच.

पैसे तीस हजारांच्या आसपास बसले, त्यातनं जुन्या सेटचे वजनावर वजा झाले. जुन्या बॅटऱ्या गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका रे, तो ॲसिड गटारीत ओततो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुना माल परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवरच टाकलीय, दुकानात परत द्यायची, पैसे पण बरे मिळतात.

चालवायला कशी आहे? एक पावसाळा आणि एक उन्हाळा पूर्ण झालाय. सपाटीला पन्नास-पंचावन्न किलोमीटर आरामात. बॉक्सवर ऐंशी-नव्वद लिहिलंय, ते कुठल्या गावात मोजलंय देव जाणे, नक्कीच कोल्हापुरात नाही. टेंबलाईच्या चढाला आधीच्या साध्या सेटला घाम फुटायचा, व्होल्टेज धाडकन पडायचं आणि मीटरवरची काडी लाल व्हायची, या सेटला तसं होत नाही, इथं फरक खरंच जाणवतो. 'चहा घेऊन या, फुल्ल' हे मात्र विसरा. ५ अँपिअरचा चार्जर आहे, ३२ एएच भरायला सात-आठ तास लागणारच, रात्री लावायची सकाळी काढायची. पूर्ण चार्जला भिंतीतनं सव्वादोन-अडीच युनिट जातात. थंडीत रेंज थोडी कमी होते, ते सगळ्याच बॅटऱ्यांचं असतं.

आता या दुकानाची खरी मजा. तिथं गिऱ्हाईकं बसून असतात आणि मामांना ऐकायला लई आवडतं. मी फिटिंगची वाट बघत बसलेलो तेव्हा उद्यमनगरचे एक मिस्त्री आले होते, लेथवाले, हाताला काळं ग्रीस. कुणीतरी माझी ओळख 'सायन्सचे सर' अशी करून दिली आणि मिस्त्री म्हणाले, "मग सर ते खरं टू-डी सेमीकंडक्टर हाय तरी काय? बातम्यांत सारखं येतंय." मी म्हटलं तुमच्या हाताला लागलंय तेच. त्यांना वाटलं चेष्टा करतोय. पण ते मॉली ग्रीस होतं, म्हंजे मॉलिब्डेनम डायसल्फाईड घातलेलं, शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात प्रत्येक वर्कशॉपमध्ये त्याचा डबा असतोय. वर गंधकाचा थर, मधी मॉलिब्डेनम, खाली परत गंधक, असं तिहेरी पान, आणि एका पानाची दुसऱ्याशी पकड एकदम ढिली, म्हणून तर ते घसरतं आणि बेअरिंग वाचतं.

तेच एक पान सुटं केलं की जाडी ०.६५ नॅनोमीटर, आणि मग ते पक्कं सेमीकंडक्टर. जाड तुकड्यात बँड गॅप १.२-१.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि ती पण आडवळणाची, म्हंजे प्रकाश द्यायला-घ्यायला नाखूश. एका थरावर आणलं की गॅप वाढून १.८ च्या वर जाते आणि सरळ होते, चमकायला लागतं. हे २०१० साली दिसलं. तेच मटेरियल, फक्त पातळ केलं तर स्वभावच पालटला. मला एमएस्सीला असताना हे वाचून झोप लागली नव्हती, मिस्त्रींनी नुसतं "अस्सं होय" म्हटलं, पण हात निरखून बघितला हे मी पाहिलं.

वीज साठवायला पण हे वापरून झालंय. ऐंशीच्या दशकात कॅनडात मॉली एनर्जी नावाच्या कंपनीनं एका बाजूला लिथियम धातू आणि दुसऱ्या बाजूला हेच मॉलिब्डेनम डायसल्फाईड घालून रिचार्ज होणारे सेल विकले होते. पानांच्या मधी लिथियम जाऊन बसतं आणि परत निघतं, कल्पना झकास. पण लिथियम धातूवर सुयांसारखे काटे वाढून आत शॉर्ट व्हायचे, फोनमधल्या बॅटऱ्या पेटल्या आणि १९८९ ला माल परत बोलवायला लागला. पुढं १९९१ ला सोनीनं धातूऐवजी कार्बन वापरून लिथियम-आयन आणली आणि बाजार तिकडं वळला. आजच्या लिथियम बॅटरीत निगेटिव्ह बाजूला ग्राफाईट असतं, म्हंजे ग्राफीनच्याच थप्प्या, हिशोबानं ग्रॅमला ३७२ मिलीअँपिअर-अवर घेते. मॉलिब्डेनम डायसल्फाईडची हिशोबाची क्षमता ६७० च्या आसपास. म्हणून लॅबवाले अजून त्याच्या मागं आहेत, पण आत-बाहेर करताना ते फुगतं, तुटतं, करंट नीट नेत नाही, मग त्याला आधार म्हणून परत ग्राफीनच लावतात.

मला स्वतःला याचा हायड्रोजनवाला भाग सगळ्यात भारी वाटतो. पाण्यातनं हायड्रोजन काढायला प्लॅटिनम सगळ्यात चांगलं, पण त्याचा भाव माहितीय ना. २००५ ला डेन्मार्कच्या मंडळींनी हिशोब मांडून सांगितलं की मॉलिब्डेनम डायसल्फाईडच्या पानाच्या कडा हे काम करू शकतील, आणि २००७ ला प्रयोगात दिसलं की काम खरंच कडाच करतात, पानाचा सपाट भाग जवळजवळ बसूनच असतो. म्हंजे मिस्त्रींना बेअरिंगसाठी सपाट भाग पाहिजे आणि हायड्रोजनवाल्याला कडा पाहिजेत, दोघांचं भांडणच नाही. आता जगभर खटपट चाललीय ती जास्तीत जास्त कडा उघड्या कशा ठेवायच्या याची.

आपल्या गावाला यात बाहेरचं समजू नका. विद्यापीठात फिजिक्सला असे सल्फाईडचे पातळ थर बनवायचं काम कितीतरी वर्षं चालू आहे, डॉ. चंद्रकांत लोखंडे सरांचं नाव या कामात आणि सुपरकपॅसिटरमध्ये, म्हंजे वीज झटपट साठवून झटपट देणाऱ्या उपकरणात, बाहेर पण घेतात. कोट्यवधीचं मशीन नसताना काचपट्टी एका द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, परत धुवायची, असं करत थर चढवायचा, सिलार म्हणतात त्याला. आमच्या वेळी हॉस्टेलवरची पोरं रात्री बारापर्यंत हे बुडवत बसायची आणि सकाळी थर सोलून निघाला की तोंड पाडून मेसला यायची.

त्याच दिवशी एक बाई छतावरच्या सोलरचं विचारायला आल्या होत्या, त्यांना कुणीतरी सांगितलेलं की टू-डीचं पॅनल येणार आहे, थांबा. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं ताई, थांबू नका. एका नॅनोमीटरपेक्षा पातळ थर उन्हातलं पाच-दहा टक्के शोषतो हे खरं, आणि वजनाच्या मानानं बघितलं तर हे लई झालं, पण स्टॅनफर्डवाल्यांनी २०२१ मध्ये टंगस्टन डायसेलेनाईडचा, म्हंजे मॉलिब्डेनम डायसल्फाईडच्याच भाऊबंदाचा, जो लवचिक सेल केला त्याची कार्यक्षमता ५.१ टक्के होती. छतावर जे सिलिकॉन बसतंय ते २०-२२ टक्के देतंय. पातळ-हलकं पाहिजे ते ड्रोनला, अंगावरच्या सेन्सरला, तुमच्या स्लॅबला वजनाचं काय पडलंय. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, ती घ्या आणि मोकळ्या व्हा. मामांनी त्यांना लगेच खप वाढवायला काही चिकटवलं नाही, साईट बघून सांगतो म्हणाले. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांनी अंधारात दिवस काढलेत त्यांनी बॅटरीवाला सोलर घ्यायचा तर बॅटरी तळमजल्यावर ठेवू नका एवढा सल्ला त्यांनी फुकट दिला, आणि नागाळा पार्क-शाहूपुरीत राहणाऱ्यांना तो वेगळा समजवायला लागत नाही.

तक्रारी पण आहेत. वॉरंटी एकच वर्षाची आणि कार्डावर अटी अशा बारीक की मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचलं. क्लेम मंजूर करणं कंपनीच्या हातात, दुकानदार नुसता फॉर्म पाठवतो, हे मामांनी आधीच सांगितलं ते बरं केलं. दुकानापुढं पार्किंग नावाला पण नाही. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी. आणि गर्दीत गेलात तर दोन तासांची तयारी ठेवा, कारण टेस्टिंग केल्याशिवाय ते बॅटरी बसवतच नाहीत आणि मधी कुणी जुना ओळखीचा आला की गप्पा होणारच.

कुणी घ्यावी? रोज वीस-तीस किलोमीटरच्या आत फिरणारा, गाडी घरात उभी करणारा, एकदम लिथियमला पैसे घालायची तयारी नसलेला, त्यानं घ्यावी. रोज शिरोली एमआयडीसीला ये-जा आणि वर जोतिबाचा चढ असं असेल तर पैसे साठवून लिथियम फॉस्फेटच बघा, पण गाडीचा कंट्रोलर आणि चार्जर त्याला चालतोय का हे आधी विचारा. घेतल्यावर मीटरवरची काडी लाल होईपर्यंत ताणू नका, आल्या आल्या चार्जिंगला लावा, गावाला जाणार असाल तर फुल्ल करून जा. बिलावर पाचही बॅटऱ्यांचे नंबर लिहून घ्या, एकाच ओळीत '१ सेट' असं लिहून देतात ते चालवून घेऊ नका, क्लेमला तिथंच अडवतात. दुकान सोमवारी बंद असतं, शनिवारी संध्याकाळी जाऊ नका.